झाडूगाडीतला ओबाता

भातकापणी उरकली की दर वर्षी ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यात सायकलची शर्यत होते. खालच्या देवळासमोरून निघायचं आणि वर धरणाच्या खिंडीत पोचायचं. शर्यत म्हणायची आपली पद्धत. टपाल कचेरीतल्या बाया, शाळामास्तर, साके नावाच्या तांदळाच्या दारूच्या भट्टीतले पोट सुटलेले कारकून अशी दीड-दोनशे माणसं हौसेने निघतात आणि निम्मी अर्ध्या चढावर जीभ बाहेर काढतात. सगळ्यांच्या मागून एक पांढरी व्हॅन रखडत येते. तिच्या पाठीला देवळातला बांबूचा खराटा उभा बांधलेला असतो. ज्याने हात टेकले त्याला सायकलीसकट गोळा करायचं, हे तिचं काम. या झाडूगाडीचा ड्रायव्हर ओबाता तोमोहारू.

गंमत अशी की शर्यतीला नाव याच ओबाताचं आहे. जपानातून युरोपच्या रस्त्यांवर पोटासाठी सायकल मारायला गेलेले पहिले जे चार-दोन लोक, त्यांतला हा एक. त्याने खरं तर मंचावर नगराध्यक्षाशेजारी बसायचं, छातीवर कागदी फूल लावायचं, चार शब्द बोलायचे. दर वर्षी त्याला तसं विनवतात, दर वर्षी तो दोन्ही हात हलवत मागे सरकतो आणि खराट्याच्या गाडीत जाऊन बसतो. ‘केवढा नम्र माणूस!’ असं लोक म्हणतात. नम्रता कसली डोंबलाची! ती लाज होती, बरणीत वर्षानुवर्षं मुरलेली. आणि त्या लाजेच्या तळाशी एकच प्रश्न होता: इटलीतल्या एका घाटात, एका पावसाळी दुपारी, आपल्या बापाने आपल्याला पाहिलं की नाही?

तो प्रश्न समजायचा तर आधी बाप समजला पाहिजे. कान्झो तातामी शिवायचा. घरातल्या जमिनीवर बसवायच्या त्या जाड गवती चटया. दाभणाने टाका घालायचा आणि दोरा उजव्या कोपराने दाबून आवळायचा. जन्मभर आवळून आवळून त्याच्या कोपरावर टाचेसारखा घट्टा पडला होता. बोलणं जवळजवळ नाहीच. ‘हं’ एवढं म्हणायचा, आणि त्या एका ‘हं’चा अर्थ लावत गिऱ्हाईक घरी जायचं. तयार तातामी दोनचाकी गाड्यावर घालायच्या, गाडा सायकलला जोडायचा आणि वरच्या वाड्यांवर पोचवायच्या, हे काम पोराकडे. हिवाळ्यात छपरापर्यंत बर्फ, पावसाळ्यात चिखल, आणि तातामीला थेंब लागता कामा नये. पोरगा भिजला तरी चालेल. त्या चढांनी तोमोहारूच्या मांड्या घडवल्या. पुढे एका कंपनीच्या सायकल संघात त्याला नोकरी लागली, देशातल्या दोन-चार शर्यती त्याने मारल्या, आणि इटलीतल्या एका फरशीवाल्याच्या संघाकडून बोलावणं आलं तेव्हा गाव नुसतं नाचायचं बाकी राहिलं.

सगळ्यांत जास्त चढली ती मासेवाल्या काझामाला. त्याचा आवाज एवढा मोठा, की लिलावात तो बोलला की बाकीचे आपला भाव विसरायचे. त्याने ‘ओबाता पाठीराखे मंडळ’ काढलं, स्वतःच अध्यक्ष झाला, सगळ्यांना निळे डगले शिवून घेतले आणि दोन पुरुष उंचीचं निशाण रंगवून आणलं. त्यावर वरून खाली पांढऱ्या अक्षरांत तोमोहारूचं नाव. स्टेशनावर निरोप देताना सगळी मंडळी हात वर करून तीनदा ओरडली. कान्झो खांबाआड उभा होता. गाडी हलताना पोराने खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. बाप म्हणाला, "हं."

इटलीत गेल्यावर पहिल्या महिन्यातच तोमोहारूला आपली जागा कळली. तिथे संघात एक राजा असतो आणि बाकीचे सगळे पाणके. मागच्या मोटारीपाशी जायचं, बाटल्या अंगातल्या सदऱ्यात कोंबायच्या, पुन्हा धापा टाकत पुढे जाऊन राजाला द्यायच्या. राजाचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. वारा आपण खायचा, हार त्याने घालायचा. "तोमो, पाणी!" एवढ्या इटालियनवर त्याचं वर्ष निघालं. तो ते काम इमानाने करायचा. तातामीचा गाडा ओढलेल्या माणसाला ओझ्याचं काय वाटणार? पण इकडे खोऱ्यातल्या वर्तमानपत्राला पाणक्या कसा चालेल? तो शंभराव्या नंबराच्या आसपास आला की मथळा यायचा, ‘ओबाता अखेरपर्यंत झुंजला’. फोनवर काझामा ओरडून विचारायचा, "पुढच्या खेपेला पहिल्या दहांत ना रे?" आणि तोमोहारू म्हणायचा, "बघू, काका." ‘काका, मी पाणी भरतो हो’ एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण ते त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

तिसऱ्या वर्षी त्याला तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीत घेतलं आणि काझामाने जाहीर करून टाकलं, मंडळ इटलीला जाणार! वीसेक माणसं तयार झाली. न्हावी आणि त्याची बायको, भट्टीवाले, काझामाची बायको हात्सुए, आणि नीगाता शहरापलीकडे कधी पाऊल न टाकलेला कान्झो. त्याने दुकानाला फळ्या लावल्या, निशाणाचा बांबू विमानात मावावा म्हणून त्याचे तीन तुकडे करून सांधे बसवले, आणि नवे बूट घातले ते थेट विमानतळावर.

तिथे जाऊन या लोकांनी काय करावं? आदल्या दिवशीच बस घाटात नेऊन उभी केली आणि माथ्याच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर जागा धरली. हात्सुएने बसमध्येच भात शिजवला. वास घेत आलेले दोन इटालियन पोलीस चार-चार गोळे खाऊन गेले. मग पाऊस लागला, मग धुकं उतरलं, तरी निशाण उभंच.

खाली तोमोहारूचे पाय संपले होते. पोट सकाळपासून बिघडलेलं, त्यात राजासाठी दोनदा पाणी आणून झालेलं, आणि आता राजा पुढे निघून गेलेला. पाय संपणं ही काही लाजेची गोष्ट नाही. त्या दिवशी कितीतरी जणांचे संपले. लाजेची गोष्ट पुढे आहे. माथा तीन-चार किलोमीटरांवर होता आणि वळणावर आपली माणसं उभी आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रखडत, सायकल ढकलत, कसाही तो तिथवर पोचला असता. तिथे पोचून आडवा झाला असता तरी लोकांनी उचलून नाचवला असता. पण त्याला वाटलं, अशा अवतारात, सगळ्यांच्या शेवटी, एकट्याने त्या निशाणाखालून जायचं? त्यापेक्षा न गेलेलं बरं. झाडूगाडी शेजारी येऊन रेंगाळत होती. तिच्याही पाठीला खराटाच. तो सायकलवरून उतरला. अधिकाऱ्याने त्याच्या पाठीवरचा नंबर टर्रकन फाडून घेतला आणि दार उघडलं. आत एक धिप्पाड बेल्जियन बिस्किटं खात रडत बसला होता.

तोमोहारूने अंगाभोवती घोंगडी घेतली, गाडी निघाली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ही गाडी त्याच रस्त्याने वर जाणार होती.

धुक्यातून आधी निशाण आलं. मग निळे डगले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं आत आलेली, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली. आणि निशाणाचा बांबू दोन्ही हातांनी धरून, अगदी रस्त्याच्या कडेला, कान्झो उभा. टोपीवरून पाणी ठिबकतंय, नवे बूट चिखलात. त्याचं तोंड गाडीकडे. काच आणि तो यांत हातभर अंतर. तोमोहारूने एवढंच पाहिलं आणि तो सीटवरून खाली घसरला. ओल्या बुटांच्या ढिगावर, पोटात गुडघे घेऊन, पंचवीस-सव्वीस वर्षांचा घोडा!

बेल्जियनने वाकून विचारलं, "काय हरवलं?"

"अंगठी," तोमोहारू म्हणाला. त्याच्या बोटात जन्मात कधी अंगठी नव्हती.

तो भला माणूसही खाली उतरून अंगठी शोधायला लागला. आणि त्याच वेळी बाहेरून काझामाचा तो लिलावातला आवाज आला, "ही गाडी गेली! आता येईल हो आपला तोमो! बघत राहा! हलू नका!"

तोमोहारूला हायसं वाटलं. मूर्ख आहेत, त्याच्या मनात आलं. खराटा बांधलेली गाडी शेवटची असते, तिच्यामागून कोणी येत नाही, एवढंही यांना कळत नाही. हे मनात आलं, आणि ते त्याने मनात येऊ दिलं.

संध्याकाळी संघाच्या मेकॅनिकने सांगितलं, "तुमचे लोक अजून घाटातच आहेत. पोलिसांनी सांगितलं, संपली शर्यत, जा. तर वाकून नमस्कार करतात आणि पुन्हा उभे राहतात." सगळे जेवता जेवता खदखदा हसले. तोमोहारूही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंडळींच्या हॉटेलात गेला. जायच्या आधी त्याने काय केलं असेल? धडधाकट गुडघ्याला पट्टी बांधली. घाट चढून गेलो, उतारावर पडलो, म्हणून शर्यत सुटली, असं सांगायचं ठरलं होतं. मंडळी खाली ओळीने उभी होती. निम्म्यांची नाकं वाहत होती. त्याने तोंड उघडायच्या आत काझामाच कमरेत वाकला.

"माफ कर रे बाबा! एवढ्या लांब आलो आणि तू समोरून गेलास तर आम्हाला दिसला नाहीस. धुकं का काय ते! आणि आम्ही बावळट, तू यायचाच आहेस म्हणून अंधार पडेपर्यंत तिथेच!"

मागची सगळी ओळ वाकली. आयता घास तोंडात पडला आणि तोमोहारूने तो गिळला. "घोळक्यात होतो मी, काका. मला कुठे दिसणार तुम्हाला? पुढे उतारावर पडलो."

कान्झोने पट्टीकडे पाहिलं. तो पुढे आला, पोरासमोर गुडघे टेकून बसला आणि सैल झालेली पट्टी सोडून त्याने ती पुन्हा नीट बांधली. तातामीवाल्याचे हात ते. कातडी फुटली आहे की नाही हे त्या हातांना कळलं नसेल? पट्टी आवळून झाल्यावर त्याने वर पाहिलं. "दुखतंय?"

"थोडं," तोमोहारू म्हणाला.

"हं," कान्झो म्हणाला.

मंडळी परत गेली. तोमोहारू आणखी दोन-तीन वर्षं पाणी वाहत राहिला. आणि या काळात त्याने जे केलं ते त्याला पट्टीपेक्षा जास्त जाळतं. संघाच्या जेवणात, मोटारीत, मालिशवाल्याच्या टेबलावर, जिथे म्हणून हशा हवा असेल तिथे तो आपल्या गावच्या लोकांची गोष्ट सांगायचा. शर्यत संपून तास झाले तरी निशाण धरून उभे राहिलेले खेडवळ लोक! तो उठून नक्कल करायचा. काझामाचं ओरडणं, पोलिसाला घातलेला नमस्कार. एकदा त्याने बापाचीही केली. बांबू धरलेले हात, ताठ मान. लोक डोळे पुसत हसले. परदेशात पाणक्याला कोणी विचारत नाही, पण विदूषकाला जेवणाच्या टेबलावर जागा मिळते.

गावात परतल्यावर त्याने सायकलचं दुकान टाकलं, लग्न केलं, दोन मुलींना शिकवलं, टक्कल पाडून घेतलं. कोणी घाटाचा विषय काढला की काझामाच आधी बोलायचा, "काय धुकं होतं म्हणून सांगू!" आणि विषय पुढे सरकायचा. तोमोहारू इकडे घामाघूम. यांनी खरंच पाहिलं नसेल? बाकीच्यांचं सोडा, बापाने? कधी त्याला खात्री वाटायची की नाही पाहिलं. काचेवर वाफ होती. कधी ते गुडघ्यावरचे हात आठवायचे आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. बापासमोर तो रोज जेवायला बसायचा आणि रोज विचारायचं राहून जायचं.

कान्झो अखेरच्या आजारात इस्पितळात होता तेव्हा मात्र त्याने हिय्या केला. नासपती सोलून फोडी पुढे ठेवल्या आणि म्हणाला, "बाबा, त्या घाटात त्या दिवशी..."

"धुकं होतं," कान्झो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्यानंतर आठवड्याभरात तो गेला. ते दोन शब्द घेऊन तोमोहारू राहिला. धुकं होतं म्हणजे दिसलं नाही? की धुकं होतं असंच आपण म्हणू या? पुढे काझामाही गेला. खोऱ्याने शर्यत सुरू केली, तिला ओबाताचं नाव दिलं, आणि ओबाताने झाडूगाडी मागून घेतली.

ही गाडी तो कशी चालवायचा तेही ऐका. कोणी दमलेला आत येऊन बसला की तो हळूच विचारायचा, "घर वाटेत आहे का? तिथून जोरात काढू? हवं तर जरा खाली वाका." लोकांना वाटायचं, ओबाता थट्टा करतोय. एखादा लाजाळू कारकून खरंच वाकायचा. मग तोमोहारू त्या घरासमोरून गाडी अशी भरधाव काढायचा, की खराटा मागे थडथड उडायचा.

यंदा चढाच्या मध्यावर काझामाची सून तामाए रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलेली सापडली. टपाल कचेरीत काम करते, पन्नाशीला आलेली, अंगाने ऐसपैस. कोणाची तरी सायकल मागून आणून शर्यतीत उतरली होती.

"या, ओबाताकाका, या! तुमचीच वाट बघत होते," ती म्हणाली आणि आरोळी ठोकल्यासारखा सुस्कारा सोडून पुढच्या सीटवर आदळली. "मेले बाई! हा चढ गेल्या वर्षी एवढा नव्हता."

"सासूबाई आहेत ना वरच्या वळणावर?" तोमोहारूने विचारलं. हात्सुएकाकू वळणावर खुर्ची टाकून बसणार हे त्याने सकाळीच ऐकलं होतं. "जोरात काढतो. जरा खाली वाका, म्हणजे दिसणार नाही."

तामाए त्याच्याकडे बघतच राहिली. "का? मी काय चोरी केलीय? आणि ही आमची म्हातारी सकाळपासून भाताचे गोळे घेऊन बसलीय, ते काय तसेच जाऊ द्यायचे? थांबवा, थांबवा!" वळण यायच्या आत तिने काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकून ओरडली, "आई! टेकले हो हात!"

हात्सुए घडीच्या खुर्चीत गोधडी पांघरून बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण जीभ अजून सुरीसारखी. ती टाळ्या वाजवत उठली. "अगं, मध्यापर्यंत तरी आलीस! मी खालच्या पुलापाशीच बसणार होते. म्हटलं, आमची सून तिथेच बसकण मारणार!"

"तुमच्याच हातचं खाऊन अशी झालेय!"

"हो, दोष माझ्या हाताला दे! घे, गीळ." तिने खिडकीतून डबा आत सारला. आजूबाजूचे लोक हसत होते, तामाए तोंड भरून हसत होती, सायकल मागे आडवी पडली होती, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. तोमोहारू समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसला. त्याचे कान तापले होते.

हात्सुए गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि तिने काचेवर बोटाने टकटक केलं. त्याला काच खाली करावी लागली.

"बघितलंस, तोमो?" ती म्हणाली. "असं करायचं असतं. एवढंच करायचं होतं रे तुला."

तोमोहारू तिच्याकडे वळला. "काकू, तुम्हाला..."

"दिसला होतास. लांबूनच. पुढच्या काचेतून घोंगडी पांघरलेला. मी ‘अगं बाई, तोमो!’ म्हणून हात वर करणार, एवढ्यात तू गडप! उंदीर बिळात जातो तसा." तिला अजूनही हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. "दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आलास तेव्हा तर हसू दाबताना माझं नाक फुरफुरलं. आमच्या ह्यांनी मागून असा चिमटा काढला, की आठ दिवस वळ होता."

"पण काका तर ओरडले. ‘आता येईल’ म्हणून."

"ते कुठले आपणहून ओरडतायत! तुझ्या बापाने सांगितलं. तू खाली वाकलास ना, तसा कान्झोभाऊ आमच्या ह्यांच्या कानाशी गेला आणि म्हणाला, ‘ओरड. येतोय म्हणून ओरड. पोराला ऐकू जाईल असं ओरड.’"

तामाएचं चावणं थांबलं. तोमोहारूने स्टिअरिंग धरलेले हात सोडले नाहीत. कशाला तरी धरून बसणं भाग होतं.

"आणि मग अंधार पडेपर्यंत..."

"तर काय! गाडी गेली तसं मी म्हटलं, चला आता, बसमध्ये बसू, पाय गारठलेत. कान्झोभाऊ हलेना. म्हणाला, ‘आत्ता निघालो तर त्याला कळेल की आपण पाहिलं. त्याला कोणी ना कोणी सांगेलच आपण कधी निघालो ते.’ पोलीस आले, त्यांना नमस्कार केला. न्हावी कुरकुरला, तर तुझा बाप त्याला म्हणाला, तुम्ही बसा, मी उभा राहतो. मग कोणाच्या तोंडाने बसणार? राहिलो सगळे. आपल्याला वेड्यात काढतायत हे कळत होतं रे. ते पोलीस आपापसात हसत होते, ते काय आम्हाला दिसत नव्हतं? तुझा बाप म्हणाला, ‘हसू देत.’"

तोमोहारूला ते टेबल आठवलं. मेकॅनिक, मालिशवाला, राजा, आणि मधोमध उभा राहून बापाची नक्कल करणारा तो. बांबू धरलेले हात, ताठ मान. आपण त्याचे पाय ओले दाखवायचे विसरलो होतो, असं काहीतरी भलतंच त्याच्या मनात आलं. हात्सुएला यातलं काही माहीत नव्हतं. गावात ते माहीत असणारा तो एकटाच होता.

"मग इतकी वर्षं कोणीच कसं नाही..."

"कसं बोलणार? त्या रात्री घाटातून परत जाताना कान्झोभाऊ बसमध्ये उभा राहिला. ज्याच्या तोंडून शब्द विकत घ्यावा लागायचा तो माणूस! काही बोललाच नाही. नुसता वाकला. बस हेलकावे खातेय आणि हा आमच्या सगळ्यांपुढे वाकलेला, कपाळ पुढच्या सीटला टेकेपर्यंत. उठेचना. शेवटी आमचे हे म्हणाले, ‘कान्झोभाऊ, ऊठ. धुकं होतं. काही दिसलं नाही.’ तेव्हा उठला. त्यानंतर कोण बोलणार, सांग बरं?" तिने गोधडी अंगाभोवती घट्ट केली. "आता तोही नाही, आमचे हेही नाहीत. न्हाव्याच्या बायकोला स्वतःचं नाव आठवत नाही. मी गेले की तू या गाडीत असाच मान खाली घालून म्हातारा होशील. म्हणून सांगितलं. चल, हल आता. मागे दुधाची गाडी खोळंबलीय."

तोमोहारूला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागावी तर कोणाची? ज्याची मागायची तो गेला होता, आणि ज्यांची मागायची त्यांनीच त्याची मागून ठेवली होती. त्याला एकच सुचलं. जागेवर बसल्या बसल्या तो हात्सुएकाकूपुढे वाकला. खोल, बाप वाकला असेल तसा. कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजला.

हॉर्न वाजतच राहिला. डोंगर घुमला. वळणावरची माणसं, वरचे स्वयंसेवक, मागचा दूधवाला, सगळे माना वळवून खराटा बांधलेल्या गाडीत बघायला लागले. तामाए त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "काका, अहो काका, लोक बघतायत."

तोमोहारूने डोकं वर उचललं. त्याचा चेहरा ओला होता, नाक वाहत होतं. खाली वाकायला भरपूर जागा होती. तो ताठ बसला आणि त्याने त्यांना बघू दिलं.